अजिंठ्याच्या चित्रप्रतींचा इतिहास

आपल्या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर दरवर्षी समाजातील दिवंगत वडीलधाऱ्या मंडळींची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ही छायाचित्रे छापण्याजोगी कशी होतात, हे बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. घरच्या पेटीतून एखादा पिवळा पडलेला, कोपरे झिजलेला फोटो निघतो. छायाचित्रकार त्या फोटोचाच पुन्हा फोटो घेतो. मग कुंचला हाती असलेला कोणी कारागीर (हल्ली संगणकावर बसणारा) पुसून गेलेली पगडी, अर्धी मिशी आणि कोटाची गुंडी पुन्हा रेखाटतो. ते चित्र छापून आले म्हणजे घरातील वृद्ध स्त्री म्हणते, "नाक मामंजींचेच आहे हो, पण नजर त्यांची नव्हे."

या एका वाक्यात कलेच्या इतिहासातील एक फार जुना वाद सामावलेला आहे. मूळ वस्तू नाश पावू लागली असता तिची प्रत काढावी की नाही? काढल्यास ती हाताने रंगवावी की यंत्राने टिपावी? आणि तसे करताना मूळ वस्तूचे किती उरते व प्रत करणाराचे किती शिरते? हा वाद शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्याच शेजारच्या मुलखात, अजिंठ्याच्या डोंगरात, मोठ्या प्रमाणावर घडून आला. त्याची हकीकत आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळींसमोर मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम स्वतःच्या अंगणाकडे पाहू. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तथापि आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप 'नगर' हेच येते. या नगरास चित्रकलेचा वारसा नाही अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. निजामशाहीतील हुसेन निजामशहा पहिला याच्या कारकीर्दीचे वर्णन करणारे 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचे एक फारसी काव्य आफताबी नामक कवीने रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. तिच्यात राजाशेजारी त्याची राणी खुंजा हुमायून चितारलेली होती. ही राणी म्हणजे आपल्या चांदबिबीची आई. हुसेनशहा १५६५ साली वारल्यावर तिने मुलाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला. पुढे तिची सत्ता गेली, ती कैदेत पडली, आणि या पोथीतील अनेक चित्रांत तिची आकृती पुसून किंवा वर रंग देऊन झाकून टाकण्यात आली. काही ठिकाणी राजाच्या बाजूस रंगाचा नुसता डाग तेवढा दिसतो. चित्रावर दुसऱ्याचा हात फिरला म्हणजे काय होऊ शकते याचा हा नगरचाच दाखला. सुमारे चारशे वर्षांनी, १९८७ साली, मंडळाने ही पोथी चित्रांसह प्रसिद्ध केली, तेव्हा ती पुण्याच्या कपाटातून बाहेर पडून जगभरच्या अभ्यासकांच्या हाती गेली.

नगरमध्ये एका माणसाने राजकारणापायी चित्र पुसले. अजिंठ्यास चित्रे पुसत होता तो काळ, पाणी, वटवाघळे आणि धूर. तेथील प्रश्न पुसलेले पुन्हा कसे मिळवावे हा होता.

नगरहून छत्रपती संभाजीनगरमार्गे अजिंठा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. अजिंठा गाव घाटाच्या माथ्यावर आहे. लेणी घाटाखाली वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकाराच्या कड्यात कोरलेली आहेत, आणि त्यांच्या जवळचे गाव फर्दापूर. नगरचा आणि या गावाचा एक जुना संबंध आहे, तोही येथे नमूद करतो. १८०३ सालच्या ऑगस्टमध्ये वेलस्ली याने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, आणि त्याच फौजेने पुढे २३ सप्टेंबर रोजी असईची लढाई मारली. त्या लढाईतील जखमी शिपायांसाठी इस्पितळ उभारले गेले ते अजिंठा गावात. जवळच्या दरीत काय दडले आहे याचा त्या वेळी त्यांपैकी कोणाला पत्ता नव्हता.

तो पत्ता लागला पेशवाई बुडाल्यावर वर्षभराने. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील कॅप्टन जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला आणि त्याला लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. आज ती अक्षरे माणसाच्या डोक्यापेक्षाही उंच दिसतात, कारण त्या वेळी लेण्यात गाळ व राडारोडा साचला होता आणि तो त्यावर उभा होता. ज्या चित्राच्या दर्शनाने माणूस थक्क झाला त्याच चित्राच्या अंगावर त्याने चाकू चालवावा, ही मोठी विचित्र गोष्ट. आपल्याकडे गडावर गेलेली पोरेही हेच करतात, तेव्हा एकट्या साहेबास नावे ठेवण्यात अर्थ नाही.

अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रे ही दगडावर काढलेली नाहीत, हे ध्यानी घेतल्यावाचून पुढील हकीकत नीट उमगणार नाही. आपल्या खेड्यातील स्त्रिया कुडाची भिंत लिंपताना मातीत शेण व तूस कालवतात, जवळजवळ त्याच रीतीने त्या कारागिरांनी ओबडधोबड कातळावर माती, भाताचे तूस व तंतू यांचा गिलावा चढविला. त्यावर चुन्याचा पातळ हात दिला. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळ, चुना, हिरवी माती आणि क्वचित परदेशातून येणारा निळा राजावर्त यांचे रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात मिसळून लावले. असा गिलावा पाण्याने फुगतो, सुटतो आणि पापुद्र्यासारखा गळून पडतो. काही हौशी अंमलदारांनी तो सुरीने काढून नेण्याचाही प्रयत्न केला, आणि त्यांच्या हाती बहुधा माती तेवढी लागली.

जेम्स फर्ग्युसन नावाचा नीळ-व्यापारी, जो पुढे भारतीय वास्तुकलेचा मोठा इतिहासकार झाला, तो १८३९ साली अजिंठ्यास येऊन गेला. १८४३ साली त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे हिंदुस्थानातील लेण्यांवर निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या प्रती काढाव्या असा आग्रह धरला. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीस विनंती केली. कंपनीच्या हुकमाने १८४४ साली मद्रास फौजेतील कॅप्टन रॉबर्ट गिल याची या कामी नेमणूक झाली. गिल त्या वेळी चाळीस वर्षांचा होता. नेमणूक करणाऱ्यांस वाटले असावे की, काम थोड्या हंगामांत उरकेल. ते चालले १८६३ पर्यंत.

एवढा काळ का लागला? आज विजेच्या प्रकाशात, लाकडी जिन्यावरून, पादत्राणे दाराशी काढून आपण लेणे पाहतो, तेव्हा या कामाचे कष्ट ध्यानी येत नाहीत. सोळाव्या किंवा सतराव्या लेण्यात दारापासून दहा पावले आत गेले की अंधार होतो. अगदी अलीकडच्या काळापर्यंत तेथील वाटाडे बाहेरचे ऊन पांढऱ्या कापडावरून किंवा पत्र्यावरून आत परावर्तित करून यात्रेकरूंना चित्रे दाखवीत. तो उजेड घटकाभर एका जागी राहतो, मग सूर्य सरकतो आणि मनुष्याला पत्रा सरकवावा लागतो. अशा उजेडात मूळ चित्राचा रंग ओळखायचा, त्यावरील काजळी आणि वटवाघळांची घाण यांखालून रेषा शोधायची, आणि ती मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची. कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी, पावसाळ्यात हिवताप, रानात वाघ. साहित्य येणार ते दूरच्या बंदरांतून बैलगाड्यांवर. मुंबईची आगगाडी भुसावळपर्यंत यावयास अद्याप वीस वर्षे अवकाश होता. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहू लागला आणि तेथलाच झाला.

येथे पारूचा उल्लेख केला नाही तर वाचक मला विसराळू म्हणतील. पारू नावाच्या तेथील स्त्रीशी गिलचा स्नेह होता, आणि तिची कबर अजिंठा गावात आहे. तिच्यावरील लेखात २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांनी या विषयावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले व त्यावरून २०१२ साली चित्रपटही निघाला, त्यामुळे ही कथा घरोघरी पोहोचली. कवीस तो अधिकार आहेच. परंतु गिल म्हणजे केवळ एक प्रेमकथेतील नायक, अशी जी समजूत तरुण मंडळींत रूढ झाली आहे, ती मला अपुरी वाटते. एकोणीस वर्षे अंधाऱ्या भिंतीसमोर उभे राहणे हीसुद्धा एक निष्ठाच होय, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

गिलच्या कामाचा खरा विशेष पुढे आहे. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्यानंतर एक-दोन वर्षांतच, १८५६ च्या सुमारास, गिलने अजिंठ्यात कॅमेरा वापरण्यास आरंभ केला. तेव्हाचे छायाचित्रण म्हणजे आजच्यासारखे बोटाने कळ दाबणे नव्हे. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, ते तावदान चांदीच्या क्षारात बुडवावयाचे, ओले आहे तोवर कॅमेऱ्यात घालून चित्र टिपावयाचे आणि ओले आहे तोवरच काळोख्या तंबूत नेऊन ते धुवावयाचे. वैशाखातील उन्हात हा द्रव वाळण्यास दहा-पंधरा मिनिटे पुरेशी असतात. गिलचा कॅमेरा दोन भिंगांचा होता. त्याने शेजारी शेजारी दोन चित्रे निघत, आणि ती विशिष्ट नळीतून दोन्ही डोळ्यांनी पाहिली म्हणजे खांब पुढे आलेला व मूर्ती मागे राहिलेली अशी खोली दिसे.

मग वाचक सहज विचारतील की, कॅमेरा हाती आल्यावर गिलने कुंचला का ठेवून दिला नाही? भिंतीवरील चित्रांचेच फोटो घेतले असते म्हणजे वीस वर्षांचे काम वीस दिवसांत झाले असते. याचे उत्तर त्या काळच्या रसायनात आहे. कोलोडियनच्या तावदानास निळा प्रकाश दिसे, परंतु तांबडा व पिवळा जवळजवळ दिसतच नसे. तांबडी वस्तू त्यावर काळी उमटे. अजिंठ्याच्या चित्रांचा तर सारा संसार गेरू आणि पिवळ्या मातीवर उभा. पद्मपाणीची तांबूस कांती त्या यंत्राच्या दृष्टीने काळोखच. शिवाय आत उजेड नाही. हा दोष दूर होण्याची वाट १८७३ साली फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविली, आणि सर्व रंग समान टिपणारी काच बाजारात येण्यास विसावे शतक उजाडले.

म्हणून गिलने दोन्ही साधनांना आपापली कामे वाटून दिली. दगडाचे काम, म्हणजे लेण्यांची मुखे, खांब व मूर्ती, त्याने कॅमेऱ्याकडे सोपविले. रंगाचे काम हाताने केले. मला यात त्याची मोठी समज दिसते. नवे यंत्र आले की जुने हत्यार फेकून देणारे पुष्कळ असतात, आणि नव्याकडे पाठ फिरवून बसणारेही पुष्कळ. दोहोंच्या मर्यादा ओळखणारे थोडे.

१८६४ साली फर्ग्युसनच्या मजकुरासह गिलच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला निघाली. एकात लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व वन्य प्राणी यांची १०० जोडचित्रे होती. त्या वेळी छायाचित्र छापखान्यात शाईने छापण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक पुस्तकात प्रत्येक फोटो कागदावर स्वतंत्र काढून हाताने चिकटवावा लागे. फर्ग्युसन-गिलची ही पुस्तके म्हणजे एका अर्थाने बांधलेले फोटो-आल्बमच होते.

रंगीत प्रतींचे भाग्य मात्र वेगळे. त्या लंडनला पाठविल्या गेल्या आणि सिडनहॅम येथील काचमहालात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या महालाच्या उत्तर भागास आग लागली. गिलचे जवळजवळ सारे काम जळाले. जी तेथे मांडलेली नव्हती अशी मोजकीच चित्रे वाचली. काही चित्रांची रेखाटने मिसेस स्पीअर नावाच्या बाईंच्या १८५६ सालच्या प्राचीन भारतावरील पुस्तकात लाकडी ठशांवरून छापली गेली होती. जळालेल्या प्रतींपैकी कित्येकांची खूण म्हणून काय ते हे हातभर चित्राचे बोटभर ठसे राहिले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. ज्या प्रती अमोल म्हणून एका भव्य इमारतीत एकत्र ठेवल्या, त्या एका रात्रीत गेल्या. जे साधे फोटो पुस्तकांत चिकटवून चारी दिशांना गेले, ते आजही मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. आणि जे चित्र छापले गेले, ते बोटभर का होईना, राहिले.

गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. आगीची वार्ता आल्यावरही त्याने अजिंठ्याची संगत सोडली नाही. पुन्हा साहित्य मिळवून काम आरंभिले. ज्या वयात शाळामास्तरास निवृत्तिवेतनाचे कागद मिळतात, त्या वयात गेलेले आयुष्य पुन्हा पहिल्या रेषेपासून काढावयास बसणे काय असते, हे माझ्या वयाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १८७९ च्या एप्रिलमध्ये तो आजारी असता निधन पावला. त्याची कबर भुसावळला आहे.

तथापि सरकारचा विश्वास आता एका माणसावर नव्हता. १८७२ साली मुंबई सरकारने हे काम सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे दिले. ग्रिफिथ्स हे वेल्समधील, १८६५ साली मुंबईस आलेले. त्यांनी एकट्याने न जाता आपल्या विद्यार्थ्यांची तुकडी नेली, आणि येथून ही हकीकत आपल्या मुलखातील तरुणांची होते. पुढे पारशी कुटुंबजीवनाचे चित्रकार म्हणून नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडीत होते. चित्रशाळेत ग्रीक पुतळ्यांचे साचे पाहून हात बसविलेल्या या मुलांना प्रथमच कळले की, आपल्याच देशात दीड हजार वर्षांपूर्वी असे रेखाटणारे कोणी होऊन गेले. माझ्या मते ग्रिफिथ्स यांच्या उपक्रमाचे हे फळ कॅनव्हासपेक्षाही मोठे आहे, जरी सरकारी अहवालात ते मोजता येत नाही.

मधल्या खंडासह १८८५ पर्यंत काम चालले आणि सुमारे ३०० प्रती तयार झाल्या. त्यांतील सर्वांत मोठ्या प्रती सहा मीटरपर्यंत लांबीच्या आहेत. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात गेल्या आणि १८८५ सालीच तेथे आग लागून शंभराहून अधिक प्रती भस्म झाल्या. एकाच भिंतीच्या प्रती एकोणीस वर्षांत दोनदा जळाव्या, हे वाचून देवावर भार टाकणारा मनुष्य कपाळाला हात लावील. मला मात्र यात दैवापेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक दिसतो. एकदा हात पोळला असता सर्व ठेव पुन्हा एकाच छपराखाली का ठेवावी?

सुदैवाने या वेळी ग्रंथ निघाला. ग्रिफिथ्स यांनी १८९६ व १८९७ साली अजिंठ्याच्या चित्रांवर दोन भव्य खंड प्रसिद्ध केले. काही चित्रे रंगीत शिळाछापाची, काही एकरंगी. भिंतीवरून कॅनव्हासवर आणि कॅनव्हासवरून कागदावर असा प्रवास करून अजिंठा प्रथमच चित्रकाराच्या टेबलावर येऊन बसले.

परंतु या कामाची दुसरी बाजू लपवून ठेवणे इतिहासलेखकास शोभणार नाही. प्रत काढताना रंग उजळून दिसावे म्हणून भिंतीवरील मूळ चित्रांवर व्हार्निश फासण्यात आले. त्या वेळी रंग चमकले खरे. पुढे ते व्हार्निश पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि चित्रे काळवंडली. प्रत सुंदर व्हावी म्हणून मूळ बिघडले! पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस आणवून सुटणारा गिलावा पक्का करविला. त्या कामाने पुष्कळ चित्रे भिंतीला चिकटून राहिली हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांनीही वर लाखेचा लेप दिला, आणि तोही कालांतराने काळवंडला. अलीकडच्या काळात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी दहाव्या लेण्यासारख्या ठिकाणी हे थर मोठ्या सावधपणाने उतरविले, तेव्हा खालून ताजी रेषा निघाली. हेतू सर्वांचेच चांगले होते. पोथीतील राणीवर रंग फिरविणाराचा हेतू वाईट होता, येथे तसे नव्हते. भिंतीच्या दृष्टीने मात्र दोन्ही लेपच.

पुढील प्रयत्न थोडक्यात सांगतो. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकर्ती १९०६ साली लेणी पाहून गेल्या आणि १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे तेथे राहिल्या. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त व व्यंकटप्पा हे तरुण आले, तर हैदराबादहून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन हे आले. नंदलाल बाबूंच्या पुढील साऱ्या चित्रकलेवर त्या मुक्कामाची छाया आहे. या प्रती लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. दुर्दैव असे की, हेरिंगहॅमबाईंचे मन त्याच सुमारास ढळले आणि १९२९ साली मृत्यू येईपर्यंतचा काळ त्यांनी रुग्णाश्रमांत काढला. आपला ग्रंथ त्यांना जाणत्या मनाने पाहता आला असेल की नाही कोण जाणे. त्यानंतर जपानहून आराई काम्पो प्रभृती चित्रकार आले. त्यांच्या प्रती जपानला नेल्या गेल्या आणि १९२३ च्या टोकियोच्या प्रचंड भूकंपात नष्ट झाल्या. आपल्याकडे औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ते स्वतः चित्रकार होते, आणि १९१६ साली त्यांनी चित्ररामायणही छापून काढले होते. संस्थानिकाने शिकारीचे आल्बम काढण्याऐवजी असे ग्रंथ काढावे, ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती.

या सर्व प्रतींची पुस्तके शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा योग ज्यास येईल, त्याने जरूर पाहावे. चित्र एकच, पण ग्रिफिथ्स यांच्या शिष्यांच्या तैलरंगात अवयवांना युरोपीय चित्रांसारखी छायाप्रकाशाची गोलाई येते, आणि नंदलाल बाबूंच्या मंडळींच्या हाती तीच आकृती हलकी, रेषेवर तोललेली होते. कोणीही लबाडी केलेली नाही. प्रत्येकाच्या हातातून त्याची शाळा बोलते. म्हणून प्रत पाहताना ती कोणी, केव्हा व कशासाठी काढली हे विचारल्याविना तिच्यावरून मूळ चित्राविषयी सिद्धान्त बांधू नयेत, असे मी विद्यार्थ्यांस सांगत असे.

तोपर्यंत यंत्राचे डोळे सुधारले होते. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही चित्रे छायाचित्रणावर आधारलेली आहेत, असे त्याच्या नावातच सांगितले आहे. हा ग्रंथ पुरा होण्यास पंचवीस वर्षे लागली. त्याचा पहिला भाग निघाला तेव्हा निजामाचे राज्य होते. शेवटचा निघाला तेव्हा संस्थान विलीन होऊन सात वर्षे झाली होती. राज्य गेले, ग्रंथ मात्र पुरा झाला. १९९१ साली बिनोय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, अत्यंत मंद प्रकाशात या चित्रांची रंगीत छायाचित्रे घेतली. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी तर कित्येक वर्षे याच कामाला वाहिली आहेत. ते मंद उजेडात भिंतीचे छायाचित्र घेतात आणि मग गळून गेलेले भाग संगणकावर पुन्हा रंगवून चित्र पूर्ण करतात. पहा, गिलच्या हातातील कॅमेरा आणि कुंचला पुन्हा एका माणसाच्या हाती आले! यात एक मोठा गुण असा की, भिंतीस बोटही लागत नाही. गळालेल्या ठिकाणी काय होते याचा तर्क चुकला तर तो पडद्यावर चुकेल, कातळावर नव्हे. काही जाणकारांना असे पूर्ण केलेले चित्र पाहणे रुचत नाही. तुटलेले ते तुटलेलेच दाखवावे असे ते म्हणतात. मला दोन्ही शेजारी छापलेली आवडतील, एका पानावर भिंत जशी आहे तशी, समोरच्या पानावर पूर्ण केलेली, म्हणजे वाचकास कोणाचा हात कोठे सुरू झाला हे समजेल.

गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामांतून वाचलेल्या १६६ प्रती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९५५ नंतर त्या कायमच्या प्रदर्शनात मांडलेल्या नाहीत. २००६ साली त्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या डागडुजीचे काम हाती घेण्यात आले. त्यांचे एक महत्त्व असे आहे की, त्या काढल्या तेव्हा भिंतीवर असलेले काही भाग आज तेथे राहिलेले नाहीत. मूळ गळून गेले आणि प्रत हाच पुरावा उरला, अशी ती स्थळे आहेत.

आपल्यापैकी जी मंडळी सुटीत अजिंठ्यास जातील त्यांनी पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशीच न थांबता दहाव्या लेण्यात जाऊन स्मिथच्या अक्षरांची उंची पाहावी, आणि सतराव्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटे नुसते उभे राहावे. आत छायाचित्र घेताना झोताचा दिवा लावण्यास मनाई आहे, ती पाळावी. आणि ज्यांना गिलची कबर पाहावयाची असेल त्यांना नगरहून रेल्वेने मनमाडमार्गे भुसावळ गाठता येते. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ साली, म्हणजे गिलच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातही पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे आणि अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर लेणी आहेत. त्यांची नीट छायाचित्रे घेऊन एखाद्या वर्षीच्या स्मरणिकेत छापण्यास आपल्या कार्यकारी मंडळाची हरकत नसावी.